घरपोच दानधर्म : नव्या मदतमंत्र्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! ब्रिटन सरकारात परदेशी विकासमदतीचं खातं तुमच्याकडे आलं. आता ही पुस्तिका चहा गार व्हायच्या आत वाचून काढा, कारण या खुर्चीत माणूस फार दिवस टिकत नाही. जुलै २०१६ ते सप्टेंबर २०२० एवढ्या अवधीत इथे पाच मंत्री झाले: प्रीती पटेल, पेनी मॉरडाँट, रॉरी स्टुअर्ट, आलोक शर्मा आणि ॲन-मरी ट्रेव्हेलियन. त्यातल्या स्टुअर्टसाहेबांना तर पुरते तीन महिनेही मिळाले नाहीत. शेवटी मंत्री बदलून कंटाळा आला म्हणून खातंच गुंडाळलं. ते पुढे येईलच.

पुस्तिका मराठीत का, असं विचाराल. दान कसं द्यावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न देता दिल्यासारखं कसं दिसावं, याची विद्या आमच्याकडे गल्लोगल्ली आहे. मी स्वतः आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचा सात वर्षं खजिनदार होतो. पावतीपुस्तक घेऊन चार मजले चढलं की माणसाला अर्थशास्त्राची पदवी वेगळी घ्यावी लागत नाही. शिवाय तुमच्या मदतीच्या वहीत घेणारा म्हणून भारताचं नाव वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे आम्हाला पावती दोन्ही बाजूंनी वाचता येते.

लागणारं साहित्य: एक टक्केवारी, एक पेन्सिल, एक खोडरबर. पैसे सगळ्यात शेवटी लागतात.

धडा पहिला : आकडा लावणे

आकडा तयार आहे, शोधत बसू नका. ०.७. राष्ट्रीय उत्पन्नातल्या दर शंभर पौंडांमागे सत्तर पेन्स गरीब देशांना द्यायचे. जागतिक बँकेनं नेमलेल्या एका आयोगानं १९६९ साली तो सुचवला. आयोगाचे अध्यक्ष होते कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो ठरावात घातला आणि श्रीमंत देशांनी दशकाच्या मध्यापर्यंत तो गाठावा, असं सांगितलं. दशक म्हणजे सत्तरचं. स्वीडन आणि नेदरलँड्स या दोन सरळमार्गी देशांनी तो खरोखरच तेव्हा गाठला आणि बाकीच्यांची पंचाईत केली. अमेरिकेनं आकडा कधी मान्यच केला नाही. हाही एक प्रकारचा प्रामाणिकपणा. खुद्द पिअर्सनसाहेबांच्या कॅनडाला मात्र तो आजतागायत जमलेला नाही. एकादशीचं माहात्म्य सांगून झाल्यावर बुवांनी कोपऱ्यावर जाऊन मिसळ खावी, तसं.

ब्रिटननं आकडा गाठणारे आणि न मानणारे यांच्या मधली वाट काढली. १९७४ साली आकडा तत्त्वतः मान्य केला आणि तारीख सांगितली नाही. ‘तत्त्वतः’ हा शब्द पाठ करा. आमच्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत तो इतका वाजला, की शाळेचं तोंड न पाहिलेले शेतकरीसुद्धा त्याचा अर्थ सांगायला लागले. तत्त्वतःपासून प्रत्यक्षापर्यंत यायला ब्रिटनला एकोणचाळीस वर्षं लागली. २०१३ साली ०.७ गाठलं गेलं. जी-सेव्हन म्हणतात त्या सात बड्या देशांत हे करणारा ब्रिटन पहिला, याचा अभिमान तेव्हा सगळ्याच पक्षांना होता. मलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ होते. मंडळाच्या पहिल्या बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणायचे, “माझे पाच हजार एक घाला.” मी घालायचो, म्हणजे वहीत. विसर्जनापर्यंत त्यातले पाचशे एक यायचे आणि बाकीच्यांचं ‘बघू’ व्हायचं. फलकावर मात्र पाच हजार एकच. एके वर्षी मी फलकावर आलेली रक्कम लिहिली, तर तीन महिने ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आकड्याची किंमत काय असते, ते मला तेव्हा कळलं.

धडा दुसरा : कायदा करणे, पण मऊ

आकडा लावून झाला की कायदा करावा. कायद्यानं वचनाला वजन येतं. २०१५ साली मायकेल मूर या लिबरल डेमोक्रॅट खासदाराच्या खासगी विधेयकातून ०.७ चा कायदा झाला. दर वर्षी आकडा गाठणं हे आता मंत्र्याचं कायदेशीर कर्तव्य. मोडलं तर?

घाबरू नका, कलमं नीट वाचा. आकडा गाठला नाही तर मंत्र्यानं संसदेपुढे एक निवेदन ठेवायचं: का गाठला नाही. कारणंही कायद्यातच दिली आहेत. अर्थव्यवस्था बरी नव्हती, तिजोरीत ओढ होती, किंवा देशाबाहेर काहीतरी घडलं. यांतलं एकही कारण सापडत नाही असं वर्ष पृथ्वीवर अजून उगवायचं आहे. आणि जाब विचारायचा मार्ग तो एवढाच, हेही कायद्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. कोर्टाची पायरी चढायची सोय नाही. गृहपाठ केला नाही तर का केला नाही ते वहीत लिहायचं आणि खाली सही पण आपणच करायची, अशी शाळा आम्हाला मिळाली असती तर आम्हीही आज मंत्री असतो.

धडा तिसरा : उत्पन्न

टक्केवारी उत्पन्नाची असते, त्यामुळे उत्पन्नावर डोळा ठेवा. २०१४ साली ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं नव्या युरोपीय पद्धतीप्रमाणे अमली पदार्थांचा धंदा आणि वेश्याव्यवसाय यांची उलाढाल राष्ट्रीय उत्पन्नात धरायला सुरुवात केली. म्हणजे लंडनमधल्या सोहोच्या गल्लीत रात्री जे काही चालतं, त्यावरही ०.७ टक्के पुण्य लागू. उलट २०२० च्या साथीत उत्पन्न आपटलं तेव्हा कायद्याला बोटही न लावता मदतीतले २.९ अब्ज पौंड कापता आले. आकडा जिथल्या तिथे आणि पैसे कमी. नवशिक्यांनी हे शांत चित्तानं दोनदा वाचावं.

धडा चौथा : डिसेंबर

आमच्याकडे मार्चएंड असतो. फेब्रुवारीत ज्या रस्त्याला खड्डा नसतो त्यावरही मार्चमध्ये डांबर पडतं, कारण निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कोण देतो? तुम्हाला असे दोन मार्चएंड आहेत. सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मदतीचा आकडा मोजतात तो ३१ डिसेंबरपर्यंतचा. कमी पडलं तर वचनभंग, जास्त गेलं तर अर्थखातं मानगूट धरणार. म्हणजे अब्जावधी पौंडांचं विमान दर वर्षी पोस्टाच्या तिकिटावर उतरवायचं.

२०१२ साली ब्रिटनची एकूण मदत ८.८ अब्ज पौंड होती. २०१३ साली ती ११.४ अब्ज झाली, कारण त्या वर्षी ०.७ गाठायचंच होतं. एका वर्षात तीस टक्के जास्त खर्च करणं हे ज्यांनी कधी सरकारी टेबलावर काम केलं आहे त्यांनाच कळेल. वर्ष सरता सरता खात्याची कशी धावपळ झाली, ते ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं जानेवारी २०१५ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे.

यावर एक सोपी युक्ती आहे: प्रॉमिसरी नोट. जागतिक बँकेसारख्या संस्थेला कागद लिहून द्यायचा. कागद दिला त्या दिवशी मदत दिली असं धरलं जातं. संस्था पैसे पुढच्या काही वर्षांत लागतील तसे उचलते. यात गैर काही नाही, नियमात बसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना ही युक्ती कुणी सांगितली नाही, हे आमच्या मंडळाचं नशीब.

धडा पाचवा : दान घरातच ठेवणे

हा या पुस्तिकेचा गाभा. इथे घाई नको.

मदत कशाला म्हणायचं, हे पॅरिसमध्ये ठरतं. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेची एक समिती आहे, ती ठरवते. समितीत देणारेच बसतात, म्हणजे वर्गणीचा हिशेब वर्गणीदारांनीच तपासायचा. नियम मात्र बारीक आहेत. उदाहरणार्थ, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला दिलेल्या ठरावीक पैशांपैकी पूर्वी सात टक्के विकासमदत धरत, आता पंधरा टक्के धरतात. बंदूक घेतलेल्या जवानाचा साधारण सातवा हिस्सा विकास करतो आणि बाकीचा पहारा देतो, असं समजून चाला.

पण खरा कामाचा नियम निर्वासितांचा. निर्वासित तुमच्या देशात आला, तर पहिल्या बारा महिन्यांचा त्याचा राहण्याजेवण्याचा खर्च विकासमदत म्हणून धरता येतो. आता डोळ्यांपुढे आणा: समुद्रकाठच्या इंग्लिश गावातलं एक मध्यम हॉटेल. उन्हाळी पाहुणे केव्हाच यायचे थांबलेत. दुसऱ्या मजल्यावर सुदानहून आलेला एक तरुण. खिडकी चार बोटं उघडते. किटली आहे. न्याहारीला टोस्ट आणि कागदी पुडीतला जाम. काम करायला परवानगी नाही, म्हणून दिवसभर फोन चार्जिंगला लावून बसून असतो. या खोलीचं, टोस्टचं आणि चादरींच्या धुलाईचं बिल ब्रिटनचं गृहखातं भरतं, पैसे ब्रिटनमधल्या ठेकेदाराला मिळतात आणि नोंद होते गरीब देशांच्या विकासाच्या वहीत. तीनशे पासष्टाव्या रात्री तो ज्या गादीवर झोपतो ती गादी विकासमदत असते. पुढच्या रात्री माणूस तोच, गादी तीच, चादरसुद्धा न बदललेली. पण विकास संपलेला असतो.

त्या पोराला जेवायला घालायलाच हवं. फक्त ते कुणाच्या ताटातून उचललं, तेवढं बघा. २०२२ साली ब्रिटननं एकूण १२.८ अब्ज पौंडांची मदत दाखवली, त्यातले ३.७ अब्ज ब्रिटनमध्येच निर्वासितांवर खर्च झाले. टक्के काढायचे तर २९. पुढच्या वर्षी १५.३ अब्जांतले ४.३ अब्ज. साधारण दर साडेतीन पौंडांतला एक पौंड ब्रिटनचा किनारा ओलांडून गेलाच नाही. पूर्वी परदेशी मदतीसाठी निदान जहाज तरी लागायचं.

गंमत अशी, की खर्च करायचा गृहखात्यानं आणि खड्डा पडायचा मदतीच्या वहीत. त्यामुळे गृहखात्याला घासाघीस करायचं कारणच उरलं नाही. मदतीवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र आयोगानं २०२३ साली यावर बोट ठेवलं. आमच्याकडे यासाठी अहवाल लागत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, एवढं म्हटलं की काम होतं.

धडा सहावा : आवळा आणि कोहळा

मदत घराबाहेर पाठवणं अगदीच टळत नसेल, तर ती परत येईल अशी पाठवावी.

पहिलं उदाहरण आमच्या अंगणातलं. ऐंशीच्या दशकात वेस्टलँड ही ब्रिटिश हेलिकॉप्टर कंपनी अडचणीत होती आणि तिच्या डब्ल्यू-३० या हेलिकॉप्टरला गिऱ्हाईक सापडत नव्हतं. इकडे भारताला बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेण्याआणण्यासाठी हेलिकॉप्टरं हवी होती. त्यासाठी १९८५ साली सरकारी कंपनी निघाली. तिलाच पुढे पवनहंस म्हणू लागले. जुहूच्या विमानतळावरून उडायचं आणि समुद्रातल्या लोखंडी फलाटावर उतरायचं. राजीव गांधींना वेस्टलँड नको होतं. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी कळवलं, की हेलिकॉप्टरं घेतली नाहीत तर तेवढ्या रकमेची मदतही मिळणार नाही. मग १९८६ साली एकवीस हेलिकॉप्टरांचा व्यवहार झाला. साडेसहा कोटी पौंड, सगळे मदतीच्या खात्यातून. पैसे लंडनहून निघाले ते इंग्लंडातल्याच योव्हिल गावच्या कारखान्यात पोचले. आमच्याकडे आली ती हेलिकॉप्टरं.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण गाय उडवायची असेल तर मोजावेत. दोन जीवघेणे अपघात झाले, तक्रारी थांबेनात, आणि १९९१ साली सगळा ताफा जमिनीवर बसवला. पुढे ती हेलिकॉप्टरं विकायला काढली तेव्हा नऊ लाख पौंड आले. साडेसहा कोटींचं दान, नऊ लाखांची मोड. आमच्या बोहारणी याहून बरा भाव देतात.

दुसरं उदाहरण याहून मोठं, आणि ते परीक्षेला हमखास येतं. मलेशियातलं पेर्गाउ धरण. १९८८ साली ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाशी शस्त्रविक्रीचा एक मसुदा केला, आणि शस्त्रांच्या किमतीच्या वीस टक्के मदत असा त्यात हिशेब होता. शेकड्यावर दलाली ठरवावी तसा. मग थॅचर यांनी धरणाला पैसे देऊ केले. थोड्याच दिवसांत धरणाचा खर्च ३१.६ कोटी पौंडांवरून ३९.७ कोटींवर गेला. मदतखात्याच्या अर्थतज्ज्ञांनी सांगितलं, हे धरण परवडणारं नाही, मलेशियाला वीज याहून स्वस्तात मिळेल. खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी तर मंत्र्यांकडून लेखी आदेश मागून घेतला. सरकारी भाषेत याचा अर्थ: सही करतो, पण पाप तुमच्या माथी. पैसे गेले. २३.४ कोटी पौंड.

मग वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही संस्था कोर्टात गेली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, की या कामासाठी मदतीचे पैसे देणं बेकायदा होतं. परराष्ट्रमंत्री होते डग्लस हर्ड. त्यांनी काय केलं? मलेशियाला शब्द दिला होता, तो पाळला. फक्त पैसे दुसऱ्या डब्यातून काढले. धरण आहे, अजून उभं आहे.

इथे मला जरा गंभीर व्हावंसं वाटतं, माफ करा. या प्रकरणाची लाज ब्रिटनला खरोखर वाटली. १९९७ साली पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी मदतीचं खातं परराष्ट्रखात्यापासून तोडून वेगळं केलं, क्लेअर शॉर्ट त्याच्या पहिल्या मंत्री झाल्या. २००१ साली ‘मदत घ्या पण माल आमचाच घ्या’ ही अट काढून टाकली. २००२ च्या कायद्यानं मदत गरिबी कमी करण्यासाठीच द्यायची असं बांधून घातलं. नवशिक्यांनी हा परिच्छेद वाचून निराश होऊ नये. पुढे सुधारणा होते.

धडा सातवा : शेंगदाणे

मदतीच्या इतिहासात शेंगदाणे दोनदा येतात.

पहिल्यांदा १९४७ साली, टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात. युद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा आणि मार्गारीनचा दुष्काळ होता. ॲटली सरकारनं ठरवलं, की आफ्रिकेत लाखो एकरांवर भुईमूग लावायचा. आफ्रिकेचा विकास होईल आणि आपल्या पावाला लावायला काहीतरी मिळेल. युद्धातले शर्मन रणगाडे मोडून त्यांचे ट्रॅक्टर केले. काँग्वा या ठिकाणी झाडोरा इतका चिवट, की यंत्रं मोडून पडली.

आता साताऱ्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. भुईमुगाचं फूल वर असतं, पण शेंग खाली धरते. फुलातून निघालेल्या आऱ्या जमिनीत शिरल्या तर शेंग. म्हणून जमीन भुसभुशीत लागते, आणि काढणीच्या वेळी ओल लागते, नाहीतर वेल हातात येतो आणि शेंगा मातीत राहतात. काँग्वाची जमीन चिकणमातीची. पाऊस संपला की उन्हात भाजून विटेसारखी टणक. पिकलेल्या शेंगा आत, माणसं बाहेर, मध्ये वीट. १९५१ साली योजना गुंडाळली तेव्हा ३.६ कोटी पौंड मातीत गेले होते. जमिनीला काय हवं ते तिथे राहणाऱ्याला आधी विचारावं, हा नियम त्यानंतरच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत असतो. या मार्गदर्शिकेतही आता आला.

दुसऱ्यांदा शेंगदाणे आले ते २०१० साली, राज्यसभेत. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ब्रिटनच्या मदतीला भारताच्या एकूण विकासखर्चाच्या तुलनेत शेंगदाण्याची उपमा दिली. त्यांचा शब्द इंग्रजी होता. आपण चणेफुटाणे म्हणतो. २०१२ च्या जानेवारीत भारतानं लढाऊ विमानासाठी ब्रिटनची भागीदारी असलेलं टायफून सोडून फ्रान्सचं राफाल निवडलं, आणि मग शेंगदाण्यांची आठवण लंडनच्या वृत्तपत्रांना झाली: एवढी मदत करून हे फळ? त्याच महिन्यात दिल्लीत आमच्या परराष्ट्रखात्यानं इतर देशांना मदत देण्यासाठी वेगळा विभाग उघडला होता. घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून आम्ही एका हातानं देणाऱ्यांची पाटी रंगवत होतो. यात आम्हाला काही विसंगत वाटत नाही. लग्नघरात आहेर घेणं आणि देणं एकाच पाटावर होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या मदतमंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी जाहीर केलं, की भारताला नवं अनुदान नाही, आणि जुनं २०१५ पर्यंत संपेल. बातमी मोठी झाली. पुढे २०२३ साली स्वतंत्र आयोगानं मोजलं, तर २०१६ ते २०२१ या काळात गुंतवणूक, कर्ज आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फतचा वाटा धरून भारताकडे सुमारे २.३ अब्ज पौंडांची ब्रिटिश मदत आली होती. बंद झालेल्या नळाखाली बादली एवढी भरते, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून खरं वाटायचं नाही.

धडा आठवा : तात्पुरती कपात

सगळे धडे करूनही आकडा जड व्हायला लागला, तर आकडाच कमी करावा.

आधी घर पाडावं. जून २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मदतीचं स्वतंत्र खातं परराष्ट्रखात्यात विलीन करायचं जाहीर केलं आणि या मदतीला आकाशातल्या एटीएमची उपमा दिली. सप्टेंबरात पाटी बदलली. नोव्हेंबरात अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ०.७ चं ०.५ केलं. तात्पुरतं. लिझ सग या राज्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. जुलै २०२१ मध्ये लोकसभागृहात मतदान झालं: ३३३ विरुद्ध २९८. माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी आयुष्यात पहिल्यांदा पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं. ०.७ परत केव्हा? दोन अटी पुऱ्या झाल्या की: रोजच्या खर्चासाठी कर्ज काढावं लागू नये, आणि देशाचं कर्ज उतरणीला लागावं. आमच्याकडे ओढ्यावर तात्पुरता पूल म्हणून सिमेंटचे पाइप टाकतात. त्यावरून आता तिसरी पिढी शाळेला जाते.

कपातीविरुद्धच्या बंडाचं नेतृत्व करणारे खासदार होते अँड्र्यू मिचेल. सव्वा वर्षानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांनाच विकासमदतीचं मंत्रिपद मिळालं आणि त्यांनी ०.५ चा कारभार नीट सांभाळला. बंडखोराला खजिनदार करणं ही आमच्या मंडळाचीही जुनी पद्धत आहे. मी तसाच झालो होतो.

मजूर पक्षानं २०२४ च्या जाहीरनाम्यात लिहिलं, की तिजोरी परवानगी देईल तेव्हा ०.७ वर परत जाऊ. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी जाहीर केलं, की २०२७ मध्ये मदत ०.३ वर आणू आणि ते पैसे संरक्षणाला देऊ. आकडा गाठायचा होता ते सत्तरचं दशक आठवा. तेव्हाचे वीस-पंचवीस वर्षांचे कार्यकर्ते आज ऐंशीच्या घरात आहेत.

धडा नववा : ऑप्शनला टाका

पुढचा भाग परीक्षेला नाही, वेळ नसेल तर सोडा.

या मदतीतून बरंच चांगलं झालं. आमच्या सर्व शिक्षा अभियानात ब्रिटनचा पैसा होता, पोलिओच्या डोसांतही होता. तोंडात दोन थेंब पडले आणि पाय शाबूत राहिले अशा पोरांना ते कुठल्या देशाच्या कुठल्या टक्केवारीतून आले, हे माहीत असायचं कारण नाही. तात्पुरत्या कपातीच्या पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, जगातला पोलिओ संपवण्याच्या कामाला ब्रिटनकडून अपेक्षित असलेले दहा कोटी पौंड पन्नास लाखांवर आले. गरीब देशांतल्या बायकांना गर्भनिरोधकं आणि बाळंतपणाचं सामान पुरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या कामाला १५.४ कोटी मिळायचे होते, ते साधारण २.३ कोटी झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटननं विकत घेतलेले कोविशील्डचे पन्नास लाख डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तिकडे रवाना झाले होते. ते वेळेवर पोचले.

धडा दहावा : राजीनामा

एक दिवस तुम्हालाही वाटेल, की आता पुरे. त्यासाठी नीट वेळ निवडावी. ॲनलीज डॉड्स यांच्याकडून शिका. ०.३ ची घोषणा झाली तेव्हा त्या याच खात्याच्या मंत्री होत्या. पंतप्रधान त्याच आठवड्यात वॉशिंग्टनला ट्रम्प यांना भेटायला निघालेले. बाई थांबल्या. ते भेटून आले, मग २८ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला. पाहुण्याच्या घरी जाणाऱ्या माणसाला दारातच शिंक देऊ नये, एवढं भान त्यांनी राखलं.

पत्र लहान असावं. खोलीतलं आपलं सामान एका खोक्यात मावेल एवढंच आणलेलं असावं. ही पुस्तिका मात्र घरी नेऊ नका, उजवीकडच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. नवीन येतील त्यांना लागेल. पहिल्या धड्यातला आकडा मी मुद्दाम पेन्सिलीनं लिहिला आहे. खोडरबर त्याच ड्रॉवरमध्ये, मागच्या बाजूला सापडेल. बराच झिजलाय, पण अजून एक-दोनदा चालेल.